साडेतीन इंच

उद्यमनगरात, लेथच्या किरकिरीत
निजाम शिकलगार मिस्त्री
माझ्या पिकअपच्या पोटाखाली सरकला
तेव्हा चहा अजून यायचा होता.

"किती उचलायची?" आतून आवाज.
मी वाकून बोटं दाखवली.
"बोटांत नको सांगू भावा, इंचांत सांग.
बोटं सगळ्यांची वेगळी."

पाट्यांखाली ठोकळे दोन इंचांचे,
दीड इंच टायरनं आपसूक.
साडेतीन.
"बरोबर हाय," मिस्त्री म्हणाला,
"मुहूर्त साडेतीन, माणूस साडेतीन हात.
अर्ध्याबिगर आपलं काय पुरंच होत न्हाई."

जुने यू-बोल्ट गंजून एकजीव.
त्यांना डिझेल पाजलं, एक विडी भर वेळ दिला,
मग पान्ह्याला पाईप घालून ओंक्या लोंबकळला
आणि कट्ट करून
नऊ वर्षं सुटली.

नवे टायर भिंतीला टेकून उभे,
अंगावर रबराचे बारीक केस,
जावळ न काढलेल्या पोरासारखे.
ओंक्या त्यांवरनं हात फिरवत राहिला
मिस्त्री ओरडेपर्यंत.

डावीकडं पुरतं वळवलं की मडगार्डला घास.
खडूची रेघ, ग्राइंडर, ठिणग्या,
शेजारच्या वेल्डरचं कुत्रं उठून लांब गेलं.
दिवे आता समोरच्या गाळ्याची पाटी वाचत होते,
ते खाली वळवले.

"आणि मीटर?"
"मीटर खोटं बोलणार. चाक मोठं, फेरे कमी.
शंभर म्हणंल तवा एकशेबारा झालेले असतील."
दूध संस्था भाडं देते मीटरवर.
"मग वरचे बारा?"
मिस्त्रीनं हात पुसले.
चहा गार झाला होता, तो पिला.

पहाटे गगनबावड्याच्या अंगाला
धनगरवाड्याची जांभ्याची वाट.
तिसऱ्या वळणावर तो धोंडा,
डिफरन्सलच्या गोळ्याला रोज एकदा ठोकणारा.
मी सवयीनं दात आवळले.
काहीच वाजलं नाही.
आरशात बघितलं, धोंडा तिथंच होता,
माझाच जरा विरस झाला.

वर ठकूबाई येडगे, कमरेला पदर खोचून,
शेजारी कॅन.
नऊ वर्षं तिनं कॅन स्वतः फाळक्यावर ठेवलाय,
कुणाला हात लावू दिला नाही.
गुडघ्यावर घेतला, छातीवर घेतला,
आणि कॅनचा बूड फाळक्याच्या खालीच राहिला.
मी हौद्यातनं वाकलो.
"सर मागं."
पुन्हा उचलला. झाकणाखालनं दूध
कोपरावरनं ओघळलं,
तांबड्या मातीनं पिऊन टाकलं.

"गाडी उच केलास," ती म्हणाली,
"आता मला कोण उच करायचं?"

उत्तर माझ्यापाशी नव्हतं.
मिस्त्रीनं चार गोष्टी मोजल्या होत्या,
ही पाचवी.

दुसऱ्या दिवशी जुने टायर घेऊन गेलो,
स्टेपनी धरून पाच.
एक तिच्या दारापुढं आडवा टाकला,
आत मुरूम भरला, दोघांनी तुडवला.
ती वर चढली. आठ इंच.
कॅन फाळक्यावर असा ठेवला
जसा देव्हाऱ्यात तांब्या.
मग तिथंच उभी राहून
हौद्यात काय काय आहे ते बघत बसली,
माझी चादर, रिकामी पोती, पान्ह्यांचा डबा.
"हे समदं रोज हितंच असतंय व्हय?"

उरलेले चार घेऊन निघालो.
पुढच्या वाडीत दगडू झोरे बुटका आहे,
त्याला दोन लागतील.

संध्याकाळी संस्थेच्या वहीपुढं बसलो.
मीटर म्हणतो अठ्ठेचाळीस.
खरे चोपन्न.
सेक्रेटरी पेन घेऊन वाट बघतोय,
आणि मी त्याला टायरचा व्यास समजावतोय,
हवेत बोटानं मोठा गोल काढून.