दीर्घ वेलांटी

सभागृहात माझं टेबल मधोमध आहे,
तरी तिथं मला कोणी पाहत नाही.
दहा मिनिटांची पाळी. मग दुसरी प्रतिवेदक येते,
माझ्या वाक्याचं शेपूट धरून पुढं लिहू लागते.
आज चार चाळीसची पाळी माझी होती.

ठराव आला.
दूरच्या एका देशात, जिथलं सरकार
चार माणसं एकत्र दिसली की बिथरतं,
लोक चौकात अनवाणी उभे राहिले.
घोषणा नाही, फलक नाही.
जोडे काढून समोर मांडले
आणि बर्फात गप्प उभे.
रात्री गाड्या आल्या.
सकाळी चौकात जोडे तेवढे होते.

झाडीपट्टीतले एक म्हातारे सदस्य मांडत होते,
जे एरवी धानाच्या बोनसपलीकडं बोलत नाहीत.
कागद हातात, पण नजर कागदावर नव्हती.
"अध्यक्ष महाराज, एकोणीस वर्षांची पोरगी आहे.
अजून सापडली नाही. तिचं नाव
या सभागृहाच्या कामकाजात यावं, एवढंच."
मग नाव घेतलं. घाईत,
तोंडाला सवय नसलेलं.

लघुलेखनात आम्ही स्वर गाळतो.
व्यंजनं ओढायची, स्वर मागून आठवून भरायचे.
माझ्या वहीत तीन रेघा उमटल्या :
द, ल, न.
दलन.
पेन्सिल थांबवता आली नाही, पाळी माझी होती.

एक हरकत आली : परराष्ट्र हा केंद्राचा विषय.
एक टोमणा आला : आधी विदर्भाचं बघा.
हशा. (तोही लिहिला. कंसात.)
मग ठराव एकमतानं संमत, बाकं वाजली,
आणि दोन मिनिटं सगळे उभे राहिले.
स्तब्धतेला आमच्यात खूण नाही.
पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवायचं
आणि वाट पाहायची.
तेव्हा बाहेरचं ऐकू आलं,
टेकडी रोडच्या कठड्यांपलीकडून,
बायकांचा आवाज,
लांबच्या नळावर भांडी पडावीत तसा.
तो सदस्य नव्हता. मी लिहिला नाही.

त्या आवाजात माझी बहीण होती, सुकेशिनी.
पहाटेच्या एसटीनं उमरेडकडून आलेली,
गणवेशाची साडी, पिशवीत भाकरी,
अंगणवाडीचं चार महिन्यांचं मानधन बाकी.
सात वाजता माझ्या खोलीवर आली
तेव्हा एक पाय अनवाणी, हातात एक चप्पल.
"रेटारेटीत गेली वं एक.
दुसरी फेकू नाही वाटली."

मी पाणी कोमट केलं. ती बादलीत पाय सोडून बसली.
मला उद्या दहापर्यंत शुद्ध प्रत द्यायची होती
आणि नाव अडलं होतं. देलिना की देलीना?
म्हाताऱ्या सदस्यांना फोन लावला.
"मले बी कागदावरच भेटलं, बाई,
थो कागद त सचिवायकडं देला."
सचिवांचं कार्यालय सहालाच बंद.

"काय लिवून राहिली?" तिनं विचारलं.
मी सांगितलं. बर्फ, चौक, जोड्यांच्या रांगा,
आमचे दोन मिनिटं उभे राहिलेले दोनशेवर लोक.
आता ती म्हणेल, तिकडच्यांसाठी उभे राहिले, वाटतं,
यासाठी मी मनात उत्तर जुळवत होते.
जुळत नव्हतं.

ती बादलीतल्या पाण्याकडं बघत राहिली.
"बर्फात? पाय फुटले असन वं पोरीचे."
मग म्हणाली, "नाव काय मनलं?"

मी अडखळत वाचलं.
तिनं ते हजेरीत घेतलं,
अंगणात रेंगाळलेल्या लेकराला
दारातून आत बोलवावं तसं :
दे, ली, ना.
लीवर थांबली जरा,
ओ यायला जागा ठेवून.

मी दीर्घ केलं.