सावकाश

फाल्गुन सरता सरता वडगावात आमच्या गल्लीतला
शेवटचा माग सुटा करून टेम्पोत घातला.
सत्तावीस वर्षं कानात खटखट,
आणि आता एवढी शांतता की झोपच येईना.
उजवा खांदा मात्र अजून कामावर जात होता.
पहाटे पाचला, माझ्याआधी उठून, ठणकत.

शेजारची मेहरून म्हणाली, चल गे,
व्हॅक्सिन डेपोत हिरेमठ टीचर शिकवतात,
पैसे नाहीत, चटई तेवढी आपापली.
चटई नव्हती. एक न खपलेली साडी होती,
पदराजवळ तार तुटलेली.
तीच चौघडी करून आंब्याखाली अंथरली.

पहिल्या दिवशी हात वर केला
अडकलेल्या मागाला हिसका द्यावा तसा,
आणि कळ थेट डोळ्यांत.
टीचर जवळ आल्या. त्यांचं मराठी जेमतेम,
माझं कानडी बाजारापुरतं: कांदे, भाव, सुट्टे.
खांद्यावर नुसता तळवा ठेवून म्हणाल्या,
"सावकाश माड्री."
मी म्हटलं, हा तर आमचा शब्द.
त्या म्हणाल्या, आमचाच की.
कुणाचा ते ठरलं नाही.
इथं बऱ्याच गोष्टींचं अजून ठरायचंय.

मग डोळे मिटून श्वासाकडे बघायचं.
मेहरून म्हणते, श्वास म्हणजे धोटाच, इकडून तिकडे.
मला नाही पटलं.
धोट्यामागं मालक उभा असतो घड्याळ घेऊन.
हा आपला येतो, जरा थांबतो,
कधी अर्ध्यातूनच परत जातो,
कुणी पगार कापत नाही.

कॅम्पातून बिगुल ऐकू येतं. तिकडं पोरं धावत असतील.
आम्ही नऊजणी मान डावीकडे वळवतोय,
एवढ्या हळू, की गालावर मोहर पडतो
आणि तिथंच राहतो.
एके दिवशी मला रडू आलं, कारण नव्हतं.
एके दिवशी घोरले म्हणे.
मग चार दिवस गेलेच नाही.
पाचव्या दिवशी कुणी विचारलं नाही,
जागा तेवढी धरून ठेवली होती, चप्पल ठेवून.

पाडव्याला गुढीची काठी मी उचलली,
कानाच्या पाळीपर्यंत.
पुढची ह्यांनी.
टीचरांच्या घरचा कडुलिंब-गूळ दुपारी डब्यातून आला,
आमचा त्यांच्याकडे सकाळीच गेला होता.

रात्री कूस बदलताना तो शब्द पुन्हा उलगडला,
गुंता सोडवावा तसा, टोक शोधत:
स, अवकाश.
जागेसकट.
एवढी वर्षं बोलत आले, आत कधी डोकावले नव्हते.

आज डेपोतल्या पिंपळाला पालवी आलीय, तांबूस, ओलसर,
एका फांदीला अजून नाही.
ओणवी झाले तेव्हा साडीत ती तुटलेली तार दिसली,
बोटभर फट.
तिच्यातून गवताचं एक पातं वर आलेलं.
मी गुडघा जरा बाजूला घेतला.