हलू नका

हनुवटी थोडी खाली. मान सरळ. हलू नका.
एकतीस वर्षं सावद्याच्या बसस्टँडसमोर
एवढंच म्हणत आलो माणसांना.
पासपोर्ट, पेन्शन, स्थळासाठी उभा फोटो.
लोक हलतात. ऐन वेळी पापणी पाडतात.
मी चिडतो, बोटानं हनुवट्या वळवतो.

रविवारी दुकानाचं शटर खाली ओढतो,
दुसरं शटर गळ्यात घालतो
आणि खिरोद्यावरून पालची एसटी.
पिशवीत केळी, ट्रक भरताना नापास झालेली,
काळीठिक्कर, दारूसारखी आंबलेली.
कंडक्टर नाक दाबून विचारतो,
काका, हे कोणासाठी?
राजासाठी, म्हणतो मी.
तो पुढच्या तिकिटाकडे वळतो.

काळा राजा. फूल त्याला चालत नाही.
त्याला सडकं लागतं, झाडाचा चीक लागतो.
म्हणून सुकी नदीच्या काठी
एका सपाट दगडावर केळ्यांचं ताट वाढून
मी तीन रविवार पालथा पडलो.
मुंगळे जेवले. गांधीलमाश्या जेवल्या.
हळदीकुंकू अंजनाच्या शेंड्यावरून
नव्या सवाष्णीसारखं मिरवत गेलं,
खाली काही उतरलं नाही.
नीलपर्णानं पंख मिटले की वाळकं पान होतं,
त्या नादात माझ्याकडे आज
खऱ्या वाळक्या पानांचे बत्तीस फोटो आहेत,
एकेक शीर स्पष्ट.

गुडघा म्हणायचा, ऊठ.
नाकाच्या शेंड्यावर माशी.
हलू नका, मी मलाच सांगायचो,
आणि मीच हलायचो.

नामदार तडवी शेळ्या घेऊन यायचा,
काठीवर हनुवटी टेकून उभा राहायचा.
तासभर. पापणी न पाडता.
"त्याले माहीत नाही ना भाऊ, आज रविवार हाय ते.
येईन त्याच्या मनानं. घाई तुले हाय, त्याले नाही."

चौथ्या रविवारी मी कॅमेरा मांडीवर ठेवून
भरीत सोडलं, कळण्याची भाकर मोडली.
बोटं तेलानं माखलेली, तोंडात घास, मिरचीनं डोळ्यांत पाणी.
दोन हातांवर नामदारच्या कबरीनं
शेपूट उचलून लेंड्या टाकल्या,
आणि त्या ताज्या, ओल्या, वाफाळत्या ढिगावर
राजा उतरला.

मी आणलेल्या केळ्यांकडे त्यानं पाहिलंही नाही.
पंख मिटलेले, तपकिरी, वर मरून रेघांची नक्षी,
जुन्या इरकली पदरासारखी,
आणि पिवळी सोंड शांतपणे कामाला लागलेली.

हात धुवावे तर सावली पडेल.
घास गिळावा तर कंठ हलेल.
तेलकट बोट तसंच बटणावर ठेवलं.
सात वेळा दाबलं.
मग कबरी खोकली
आणि ढिगावर नुसता ढीग राहिला.

सातांतले सहा धूसर. एकात तो आहे,
डोळ्यातल्या ठिपक्यासकट आहे.
तो एक मी काढला असं म्हणवत नाही.
न काढला असंही नाही;
तीन रविवार मुंगळ्यांना जेवू घालणारा
मीच होतो ना.

नामदारनं छोट्या पडद्यात बराच वेळ पाहिलं.
"हा तं रोजच येतो," म्हणाला.
"मले कबरीचा काढून दे."
कबरी उभी राहिली. मान सरळ.
एकतीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं.
पुढच्या खेपेला आठ-बाराची प्रत नेली, लॅमिनेशन करून.
त्यानं ती आधी शेळीला दाखवली.

बटणावरचा भरताचा डाग पुसलेला नाही.
काल विवऱ्याहून एक म्हातारी आली, हयातीच्या दाखल्यासाठी.
बसली. पदर सारखा केला.
मी बोट ठेवलं, तिनं डोळे मिटले.
पुन्हा ठेवलं, पुन्हा मिटले.
"हलू का नको?" तिनं विचारलं.
हला, म्हटलं, आज्जी.
काही घाई नाही.