शेपूचा गुरुवार

मालनचा पाय प्लास्टरमध्ये गेला
आणि घराची पिशवी माझ्या खांद्यावर आली.
अडतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली,
अर्ध्या सुताचा फरक बोटांना कळायचा,
पण पाव किलो वांगी म्हणजे किती
हे या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी नवाला गेलो,
टवटवीत बघून, सांगतील त्या भावानं घेऊन आलो.
तिनं पलंगावरूनच पिशवी उघडली,
एकेक टोमॅटो तळहातावर तोलला
आणि विचारलं, "लगीन हाय का कुणाचं?"

मग शिकवणी लागली.
मंडईत जायचं ते सातनंतर,
गावाकडच्या बायकांना शेवटचं वडाप गाठायचं असतं,
तेव्हा ढीग तेवढाच राहतो, भाव बसतो.
कोथिंबिरीचे देठ टाकायचे नाहीत.
तेलाची पिशवी कापून बरणीवर रात्रभर उपडी ठेवायची,
सकाळी एका फोडणीची सोय होते.
लक्ष्मीपुरीत मेणशांच्या दुकानात
आधी फुटकी डाळ आहे का विचारायचं.
"आणि लाजायचं न्हाई.
आमटीत सगळ्याच डाळी फुटत्यात."

रविवारी मटणाच्या रांगेत
पाव किलो म्हणायला जीभ वळेना.
मागं कारखान्यातला चौगुले उभा होता.
अर्धा किलो घेऊन आलो.
ती म्हणाली, "ह्यातलं पाव किलो मटण
आणि पाव किलो तुमची अब्रू.
अब्रू शिजायला येळ लागतो, जरा थांबा जेवायला."

हळूहळू जमायला लागलं.
कॅलेंडरच्या पाठीवर मी वाचलेले पैसे मांडू लागलो,
भेंडीत सात, कांद्यात अकरा,
एकदा तर लिंबात दोन रुपये,
ते लिंबू आत वाळकं निघालं, ते मांडलं नाही.

गुरुवारी म्हणाली,
"कपिलतीर्थात कोपऱ्यात वडणग्याची बनाबाई बसते.
शेपूची एक जुडी आणा."
मी म्हटलं, आपल्यात शेपू खातंय कोण?
"तुम्हीच की. दर गुरुवारी."
खरंच. किती वर्षं
कडेला सारत सारत खातच होतो.

सात वाजता गेलो, नवी विद्या घेऊन.
वीस म्हणाली. मी दहा म्हटलं.
वडापची वेळ झाली म्हटलं, पानं पिवळी पडलीत म्हटलं.
तिनं माझ्याकडं बघितलंच नाही,
बघितलं ते पिशवीकडं,
बंदाला निळ्या दोऱ्यानं घातलेल्या टाक्याकडं.
"ही मालनची न्हवं?"
आणि जुडी आत कोंबली. पैसे घेतलेच नाहीत.

घरी येऊन ऐटीत सांगितलं, फुकट आणली.
मालन बोलेना.
कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बोलेना.
मग म्हणाली, पुराच्या साली
पाणी उतरलं तशी मंडई उघडली,
जो तो तिप्पट भाव सांगत होता,
पोरं तापानं फणफणलेली, माझ्या मुठीत तीस रुपये.
ही एकटी आदल्या आठवड्याचाच भाव सांगत होती.
का गं, म्हणून विचारलं तर म्हणाली,
"पाणी वाढलं बाई. शेपू कुठं वाढला?"

"बाकी सगळ्यांशी भांडा," मालन म्हणाली,
"तिथं नको."

पुढच्या गुरुवारी सकाळीच गेलो.
दोन जुड्यांचे चाळीस ठेवले, एकच जुडी उचलली.
बनाबाईनं नोटा मोजल्या,
काही न बोलता कनवटीला खोवल्या,
आणि वर चार मिरच्या टाकल्या.
आता त्या मिरच्या कॅलेंडरवर
कुठल्या रकान्यात मांडायच्या, मला कळत नाही.

शेपू मला अजूनही आवडत नाही.
मूगडाळ जरा जास्त घाल, एवढंच म्हणतो.
ती म्हणते, डाळीचा भाव बघा आधी.