तिसरी वाटी

मार्थाबाई उजागरे शरणपूरहून रिक्षाने आल्या,
मांडीवर मुरांब्याची जुनी बरणी,
बरणीला फडकं, फडक्याला रबर.
म्हणाल्या, "झाकण लावू नका हो, त्याला श्वास लागतो."

बत्तीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
जाताना झडती, येताना झडती,
चुकूनसुद्धा एक कागद खिशात आला नाही.
आणि आता जेल रोडच्या दोन खोल्यांत
हे असं काही,
जे रात्रीतून आपोआप वाढतं
आणि सकाळी ज्याचा हिशेब कुणी मागत नाही.

पिंपळगावची द्राक्षं, न धुतलेली;
सालीवर पांढुरकी लव असते, ती म्हणे याची आई.
पुढचं सगळं दूध, साखर, मैदा.
पाचव्या दिवशी भरवायचं, दहाव्या दिवशी पुन्हा.
वास आधी ताडीचा, मग पिकल्या केळ्याचा,
मग एकदा बाहेरून आलो
आणि तो आमच्या घराचाच वास होता.

पाव कुकरमध्ये. तळाला मीठ,
शिट्टी काढून, रबर काढून, मंद आच.
पहिला एका कुशीवर बसला.
रजनीला साखर आहे, ती खात नाही,
फक्त वास घेते स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून
आणि सांगते, "अजून पाच मिनिटं."
तिचं कधी चुकलं नाही.

दहाव्या दिवशी चार वाट्या भरतात.
एक ठेवायची, तीन वाटायच्या.
"आणि नाही वाटल्या तर?"
"तर उतू जाईल," मार्थाबाई म्हणाल्या,
उद्या ऊन पडेल म्हणावं तसं.

थंडी सरेपर्यंत सगळ्या बिल्डिंगीत झालं.
बोराडे दार किलकिलं करून म्हणायचे,
"आमचीच तीन पडून आहेत, काका."
वॉचमन भिवसन तव्यावर घावन घालायचा त्याचं.
एकदा तिसरी वाटी घेऊन मी जिना चढलो, उतरलो, चढलो.
उरलं होतं फक्त गांगुर्ड्यांचं दार.
टाकीच्या पाण्यावरून सहा वर्षं बोलणं नाही.
वाटी उंबऱ्याशी ठेवली, वर बशी झाकली,
बेल दाबली
आणि या वयात जिन्यावरून पळालो.

वाटी परत आली नाही.
भरलेली नाही, रिकामीही नाही.
मोजणाऱ्या माणसाला एक वाटी कमी असणं
काय असतं ते कुणाला सांगू?
रजनी म्हणे, "स्टीलचीच होती."

मे महिन्यात मुलीकडे नंदुरबारला गेलो, बाळंतपणाला.
एकवीस दिवसांनी कुलूप काढलं
तर बरणीत गुलाबी बुरशी, आणि असला वास
की रजनी दारातूनच मागे फिरली.
मोरीत ओतलं. बरणी दोनदा उकळली.
मार्थाबाईंना फोन करायचा धीर होईना.

तिसऱ्या संध्याकाळी बेल.
गांगुर्डे. बनियनवर, घामेजलेले,
हातात आमची वाटी,
काठावर कोरलेलं रजनीचं नाव,
आत बुडबुडे, काठोकाठ.
"माजलंय फार. घ्या थोडं."
मी घेतलं. टाकीचं त्यांनी काढलं नाही,
मीही काढलं नाही.
दोन पायऱ्या चढून थांबले, वळून म्हणाले,
"सातवा दिवस आहे आज. ध्यानात ठेवा."

मी कॅलेंडरपाशी गेलो
आणि सातापासून मोजायला लागलो.