सहाशे नऊ

नेरूळला दंतकथा नव्हती, सेक्टर होते.
म्हणून पहिल्या भागातला नकाशा
सुहृददादाने ट्रेसिंग पेपरवर उतरवला
आणि सिडकोच्या नकाशावर ठेवला.
होल्डिंग पाँड झाला काचसागर,
पारसिकचा डोंगर ड्रॅगनचा,
आणि मागची पाण्याची टाकी चेटकिणीला दिली,
कारण तिथला वॉचमन आम्हाला हाकलायचा.

पुस्तक आधी तो वाचायचा, मग मी.
कोणी मरणार असेल
तर तीन पानं आधी, खालच्या कोपऱ्यात,
पेन्सिलीचं एक टिंब.
म्हणजे ऊठ, पाणी पिऊन ये.
कोण, कसं, ते कधी सांगितलं नाही.
चौथ्या भागात सोळा टिंबं आहेत.
त्या मे महिन्यात आई म्हणायची,
या पोरीला उन्हाळा बाधलाय.

शेवटचा भाग अकरा वर्षं लांबला.
तेवढ्यात खाणवाल्यांनी पारसिकची एक कूस खरवडून नेली,
दादा महापेला सर्व्हर राखायला लागला, रात्रपाळीत,
आणि वाचणं सुटलं.
विचारलं तर म्हणतो, डोळे दुखतात.

पार्सल शुक्रवारी आलं. सातशे चार पानं.
त्याने हातात घेऊन जोखलं, वास घेतला.
"तू वाच. मला फक्त सांग,
तो म्हातारा ड्रॅगन जगतो ना?"
आणि डबा उचलून कंपनीच्या बसला गेला.

मी रात्रभर वाचलं.
सहाशे बारा.
पुस्तक मांडीवर पालथं घालून बसून राहिले,
बत्तीस वर्षांची, घराचे हप्ते भरणारी बाई.
पाणी प्यायला कोणी उठवलं नव्हतं.

उरलेली पानं चहा उकळता उकळता संपवली.
शेवट बरा आहे. जरा घाईत उरकलाय.
ते लग्न नसतं लावलं तरी चाललं असतं.

मग पेन्सिल शोधली.
घरात एकही पेन्सिल नव्हती.
खालच्या मजल्यावरच्या ईश्वरीकडून आणली,
ती शाळेचे बूट घालत होती,
म्हणाली, "टोक मोडू नका हं."

साडेसातला दादा आला.
"काय झालं त्याचं?"
मी पुस्तक पुढे केलं.
"अगं, झोपायचंय मला."
"झोप मग."
मोजेसुद्धा न काढता
तो नकाशा बघत बसला.

पुढच्या रविवारी दुपारी
मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते.
स्वयंपाकघरात
माठावरचं झाकण वाजलं.