मीठ उडत नाही

तीन महिन्यांचं भाडं थकवून अन्वय गेला
आणि बदल्यात चार फुटी समुद्र ठेवून गेला
यारी रोडवरच्या माझ्या हॉलमध्ये, सोफ्याच्या जागी.
सोबत एक वही:
काकू, पाणी रोज कमी होईल, घाबरू नका.
पाणी उडतं, मीठ उडत नाही.
म्हणून वरून घालायचं ते गोडं. फक्त गोडं.

मी घालत राहिले.
आधी एक तांब्या, मग दोन, मग कळशी.
मे महिना, म्हटलं, उडत असेल.
काचेच्या कोपऱ्यात पांढरी खरपुडी धरायची,
ती जुन्या टूथब्रशने खरवडायची.
जोडीतला मोठा नारंगी मासा
खडकामागे एका कुशीवर राहू लागला.

मग एका सकाळी दारात मालन टपके,
खालच्या मजल्यावरची,
चाळीस वर्षं वेसाव्याला मासळी विकलेली.
हातात छताचा पोपडा.
सेक्रेटरी म्हणाला बाथरूम, प्लंबर म्हणाला गच्ची,
हिने जिभेला लावून पाहिलं होतं.
"यो पानी नलाचा नाय गो बाय. खारा हाय."

गुडघे धरत दोघी खाली बसलो.
तिने काचेची खालची कड चाचपली,
पापलेटाचा कल्ला उचलून बघावा तशी, न बोलता,
आणि एका जागी बोट थांबलं.
सिलिकॉन सुटलेलं. नखभर.

वहीत होतं. पान सत्तावीस. मी तिथवर गेलेच नव्हते.
गोडं घालून काटा जागेवर आला, तर हवेने नेलं.
काटा खाली गेला, तर भोकाने.

काटा कधीचा खाली होता.
मी रोज थोडी थोडी
समुद्राची विहीर करत होते.

खिडकीतून खरा समुद्र दिसतो, दोनशे पावलांवर.
तो चालत नाही म्हणे, घाण आहे.
आमचं मीठ बादलीतून येतं, बांगड्याच्या भावाने.

टाकी उपसली. मासे टबात, टबात पंप.
नवं सिलिकॉन दोन दिवस व्हिनेगरसारखं घमघमत राहिलं
आणि मालन दोन्ही दिवस चहाला वर.
टबात वाकून म्हणाली,
"जिता मासा घरान ठेवाचा, न् खावाचा नाय!"
मग हळूच विचारलं, "खातंय काय ह्यो?"

खारेपणा एकदम वाढवायचा नसतो.
चिमूट, थांबा, काटा. परत चिमूट.
मोठा अजून कुशीवरच आहे,
पण काल रात्री दिवा लावला तर वळला.

तिच्या छतावर पांढरं कडं उरलंय, ताटाएवढं.
रंगाचे पैसे मी देणार. ती म्हणते, पावसाला जाऊ दे.

आज अन्वयचा फोन. मासे कसे आहेत, काकू?
भाड्याचं काही बोलला नाही.
म्हटलं, आहेत.
गळतीचं मीही बोलले नाही.

फोन ठेवला, वाकले,
स्टँडखाली पसरलेला पेपर चाचपला.
कोरडा.
बहुतेक.